पॉइंट टू-टू रायफलीसाठी अचूक काडतूस कसे निवडावे?

वावरवाला (आर्वी, जि. वर्धा)
आजोबांची जुनी बोल्ट ॲक्शन (नळीमागचा बोल्ट हाताने मागेपुढे करून काडतूस भरायची) पॉइंट टू-टू रायफल रीतसर परवान्यासह माझ्या नावावर झाली असून गेल्या दिवाळीपासून मी शहरातील रायफल क्लबच्या पन्नास मीटर रेंजवर तिचा सराव करतो आहे. एका डब्यातील काडतुसांनी पाच गोळ्या दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकल्या जातात, तर दुसऱ्या डब्यातील काडतुसांनी त्याच बैठकीत, त्याच वाळूच्या पिशवीवरून त्या बशीएवढ्या पसरतात. माझा मामेभाऊ अमेरिकेत मिसुरी राज्यात राहतो आणि तेथे परवाना काढून मोसमात खारींची शिकार करतो. त्याच्या मते जास्त वेगाची, हॉलो पॉइंट (टोकाला पोकळी असलेल्या) गोळीची काडतुसे घ्यावीत. त्याचा सल्ला मला लागू पडतो का, आणि परवान्यावरील मोजकी काडतुसे वाया न घालवता निवड कशी करावी, हे जाणकारांनी सांगावे.

जुना_नेमबाज (अमरावती)
वावरवाला भाऊ, आपल्या मामेभावाचे त्याच्यापुरते बरोबर असले तरी त्याची गरज वेगळी आहे. खारीचे डोके साधारण आपल्या त्या नाण्याएवढे, म्हणजे इंचभर असते आणि जनावर जागीच पडावे म्हणून त्याला लागल्यावर फुलणारी गोळी हवी असते. आपल्या कागदी लक्ष्याला त्याचे काही सोयरसुतक नाही. मात्र शिकाऱ्याच्या बाबतीतसुद्धा गोळीचा आकार हा नंतरचा प्रश्न आहे, कारण इंचाच्या आत न बसणारी गोळी कितीही फुलली तरी ती जनावराला जखमी करूनच सोडते.

वेगाचे मात्र नीट समजून घ्यावे. चाळीस ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची नेहमीची गोळी स्टँडर्ड काडतुसातून सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने, तर हाय व्हेलॉसिटी काडतुसातून सुमारे ३८० मीटर वेगाने निघते. दुसरी गोळी आवाजापेक्षा वेगवान असल्यामुळे वाटेत कोठे तरी तिला आवाजाच्या वेगाखाली उतरावे लागते आणि त्या क्षणी तिला जो हेलकावा बसतो त्याने अचूकता बिघडते. पहिली गोळी मुळातच त्या वेगाखाली असल्यामुळे तिच्या वाटेत हा खड्डा येत नाही. आपल्याकडे तर यात उन्हाचीही भर पडते. जानेवारीत सकाळी दहा अंशांना हवेतील आवाजाचा वेग सुमारे ३३७ मीटर असतो, तोच मे महिन्यात पंचेचाळीस अंशांना ३५८ च्या घरात जातो, म्हणून वेगवान गोळीचा हा हेलकावा उन्हाळ्यात आणखी जवळ येतो. पन्नास मीटरच्या जागतिक स्पर्धांत, ज्यात २०२४ साली पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळे यांनी कांस्यपदक मिळवले, सगळे खेळाडू आवाजापेक्षा कमी वेगाचीच काडतुसे वापरतात. त्या लक्ष्यातील दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचे असते.

आता आपल्या दोन डब्यांविषयी. या काडतुसात ठिणगी देणारा मसाला पितळी कवचाच्या कडेच्या पोकळीत भरलेला असतो आणि तो सगळीकडे सारखा बसला नाही तर दारू एकसारखी पेटत नाही. वेगात सेकंदाला दहा मीटरचा फरक पडला तरी पन्नास मीटरवर गोळी सात-आठ मिलिमीटर वरखाली होते. आपल्या बशीचा पसारा उभा आहे की आडवा, हे कागद पुन्हा काढून पाहावे. उभा असल्यास मी बहुधा काडतुसालाच दोष देईन.

निवृत्त_वनकर्मचारी (चंद्रपूर)
वरील उत्तर योग्य आहे, परंतु हे वाचणाऱ्या तरुणांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली झालेल्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे शिकारीचे परवाने संपले, त्यामुळे आजोबांच्या काळातील ससा-तितराच्या गोष्टी आता गोष्टी म्हणूनच ऐकाव्यात. रानडुक्कर किंवा रोही (नीलगाय) पिकात शिरत असेल तर वनखात्याकडे अर्ज करावा. लेखी परवानगीशिवाय गोळी झाडणे हा गुन्हा आहे. आणि परवानगी मिळाली तरी ही रायफल त्या कामाची नव्हे. डुकराच्या जाड कातड्याखाली अडकलेली एवढीशी गोळी त्याला मारत नाही, ते चवताळते आणि दुसऱ्या दिवशी तूर सोंगणाऱ्या बाईच्या अंगावर जाते, असे प्रसंग मी नोकरीत पाहिले आहेत. ही गोळी दीड किलोमीटरहूनही लांब जाऊ शकते, म्हणून धुऱ्यावरच्या बाभळीला कागद टांगून सराव करण्याचा विचारही करू नये.

जुना_नेमबाज (अमरावती)
निवडीची रीत राहिली होती. दोन-तीन प्रकारच्या स्टँडर्ड काडतुसांचा एकेक डबा घ्यावा, शक्य असल्यास क्लबच्या साठ्यातून, म्हणजे परवान्यावरचा आकडा लवकर संपणार नाही. प्रकार बदलल्यावर पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजू नयेत, कारण प्रत्येक काडतुसाचे मेण वेगळे असते आणि नळीत आधीच्या मेणाचा थर बसलेला असतो. आपले डबे एकामागून एक उडवले असतील तर बशीचा थोडा दोष यातही असेल. त्यानंतर पाच गोळ्यांचे किमान चार ग्रुप, म्हणजे एकाच जागी नेम धरून झाडलेल्या गोळ्यांचे पुंजके, काढावेत. एका सुंदर ग्रुपवर भाळून मी स्वतः एकदा महागाची अर्धी पेटी घेतली आणि वर्षभर पस्तावलो. किमतीवरून काहीच ठरत नाही, नळीला जे आवडेल तेच खरे. डबा उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये. काडतूस वाजले नाही तर नळी लक्ष्याकडेच धरून अर्धा मिनिट थांबावे आणि मगच बोल्ट उघडावा.

वावरवाला (आर्वी)
सर्वांचा आभारी आहे. कागद काढून पाहिला, पसारा उभाच आहे. काल सकाळी सात वाजता, वारा सुटण्यापूर्वी, सांगितल्याप्रमाणे तीन प्रकार तपासले. सर्वांत महाग काडतुसे दुसरी आली. मधल्या किमतीच्या साध्या गोल नाकाच्या काडतुसांचे चारही ग्रुप नाण्याखाली झाकले गेले. ती आणखी घ्यायला दुकानात गेलो तेव्हा मात्र डबा तोच, पण आतील झाकणावरचा लॉट क्रमांक वेगळा निघाला. हा फरक मनावर घ्यावा का?

जुना_नेमबाज (अमरावती)
अवश्य घ्यावा. नाव तेच असले तरी लॉट बदलला की मसाला, दारू आणि शिसे यांचे मिश्रण पुन्हा नव्याने जमवलेले असते. एकच डबा घेऊन तेच चार ग्रुप पुन्हा काढावेत आणि जमले तर त्याच लॉटची काडतुसे परवान्यात बसतील तेवढी एकदमच उचलावीत.