सहकारी ग्राहक भांडारे नेमकी कशामुळे ओसरली?

पूर्व उपनगरवासी (प्रश्न):
आमच्या वसाहतीतील सहकारी ग्राहक भांडार गेल्या दिवाळीनंतर बंद झाले आणि त्या गाळ्यात आता औषधांचे दुकान येणार आहे. आईच्या नावाचे भागपत्र अजून कपाटात आहे. लहानपणी महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे एवढी रांग लागे की यादी आणि पिशव्या माझ्याकडे देऊन ती घरची कामे उरकून येत असे. मॉलमुळे ही भांडारे संपली असे सर्रास म्हटले जाते, पण आमच्याकडची गर्दी जवळपास मॉल येण्याच्या कितीतरी आधी ओसरली होती. ज्यांनी हा व्यवहार आतून पाहिला आहे, त्यांनी याची कारणे सांगावीत.

जमाखर्च:
मी अशाच एका भांडारात बावीस वर्षे हिशेब लिहिले. माझ्या मते ही दुकाने टंचाईवर उभी होती. १९६२ च्या चीन युद्धाच्या सुमारास भाव भडकले तेव्हा केंद्र सरकारने शहरोशहरी ग्राहक सहकारी संस्थांना भांडवल देण्याची योजना आणली, आणि १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर दिल्लीत सुपर बाजार उघडला, हा क्रम पुरेसा बोलका आहे. साखर, तेल, रवा वेळेवर आणि ठरल्या दरात मिळणे हेच त्या काळी मोठे आकर्षण होते; शिवाय तराजूला दांडी मारली जाणार नाही आणि डाळीत खडे निघणार नाहीत, याचा भरवसा होता. पुढे टंचाई हटली. १९९० पासून वेष्टनावर सर्व करांसहित कमाल किंमत छापणे बंधनकारक झाले, तेव्हा रास्त भावाची जी हमी भांडार देत असे, ती कोपऱ्यावरच्या वाण्याकडच्या पुड्यावरही छापून येऊ लागली. वाणी वर उधारी देई आणि सामान घरपोच पाठवी. आम्ही मात्र दुपारी एक ते चार शटर खाली ओढून बसत होतो!

गिरणगावकर:
जमाखर्च यांचे म्हणणे खरे असले तरी अपुरे आहे. मुंबईत ‘अपना बाजार’ चालवणारी संस्था १९४८ मध्ये नायगावला कामगारांमधून उभी राहिली, म्हणजे वर सांगितलेल्या सरकारी योजनेच्या चौदा वर्षे आधी. तिच्या मागे टंचाई होतीच, पण एकाच वस्तीत राहणारी, ठरावीक तारखेला पगार घेणारी आणि संघटनेची सवय असलेली माणसेही होती. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यानंतर एकेक गिरणी थंडावत गेली. पगाराची तारीखच उरली नाही, तिथे महिन्याचा किराणा एकदम कोण भरणार? लोक पावशेर तेल आणि अर्धा किलो तांदूळ रोजच्या रोज वाण्याकडून उधारीवर आणू लागले. आमच्या घरीही तेच झाले. टॉवर उभे राहिले ते त्यानंतर, आणि त्यांत राहायला आलेल्यांना सभासद म्हणजे काय हे सांगायला कोणी गेले नाही.

घाऊकवाला:
एक गोष्ट इथे आवर्जून नोंदवावीशी वाटते. डी-मार्टचे संस्थापक राधाकिशन दमानी यांनी स्वतःचे पहिले दुकान २००२ मध्ये पवईला उघडले, पण त्याआधी ते नेरूळला अपना बाजारचीच शाखा चालवायला घेऊन हा धंदा शिकले होते. पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करायचे, त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा आणि माल छापील किमतीपेक्षा स्वस्त विकायचा, ही त्यांची रीत. मी ज्या दोन-तीन भांडारांना डाळी पुरवत असे, तिथे बिलावर संचालकांच्या सह्या होईपर्यंत दोन-दोन महिने जात. साहजिकच आम्ही ते व्याज दरात आधीच धरून ठेवत असू. म्हणजे भांडाराला माल महाग पडायचा तो आमच्या नफेखोरीने नव्हे, किंवा निदान फक्त तिने नव्हे.

वाटपवाली:
सगळेच संपले असे मात्र कृपया लिहू नका. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून दुकानाशिवाय हेच काम करते आहे. शेजारपाजारची काही कुटुंबे मिळून एक संघ करतात, महिन्याची मागणी आधी नोंदवतात, ठरल्या दिवशी सामान एखाद्या सभासदाच्या घरी उतरते आणि आम्हीच ते मोजून वाटून घेतो. गाळ्याचे भाडे नाही, विकले न गेलेल्या मालाची चिंता नाही. अडचण वेगळीच आहे: वाटपाच्या दिवशी घरी थांबायला पूर्वी आठ-दहा जणी असत, आता आम्ही तिघी उरलो आहोत आणि तिघींचेही गुडघे दुखतात. नव्या सुनांना दहा मिनिटांत मोबाइलवरून कोथिंबीर येते, त्यांना पुढच्या महिन्याचे पोहे आज का लिहायचे ते पटत नाही.

पूर्व उपनगरवासी:
सर्वांचे आभार. वाटपवाली यांच्या उत्तरावरून आठवले की आमच्या भांडाराच्या शेवटच्या वार्षिक सभेला गणसंख्येअभावी अर्धा तास तहकुबी द्यावी लागली होती, आणि आईचे भाग माझ्या नावावर करून घेण्याचा अर्ज मी त्या दिवशीही खिशातच ठेवून परत आलो होतो.