छोट्या डेटवर (मूळ युनिटपासून वेगळ्या तुकडीवर) क्लार्क नाही, आधी कोणत्या कागदाला हात घालू?

माणदेशी हवालदार (दहिवडी)
नमस्कार. मी फौजेत सिग्नलवाला (संदेशवहन), सर्व्हिस १९ वर्षं. सध्या एका छोट्या डेटवर आहे, सुट्टीत गावी आलोय म्हणून लिहितोय. आमचे क्लार्क ६ महिन्यांपूर्वी पोस्टिंगवर गेले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. मला टायपिंग येतं, म्हणून सगळं माझ्याकडे. पॅरेड स्टेट (रोजची हजेरी-संख्या), लीव्ह सर्टिफिकेट, मूव्हमेंट ऑर्डर, रेशनचा इंडेंट (मागणीपत्र), मुलांच्या शिक्षणभत्त्याचे क्लेम. शिवाय माझी स्वतःची ड्यूटी आहेच. माणसं मूठभर असली तरी वर पाठवायचे रिटर्न (ठरावीक अहवाल) मोठ्या युनिटइतकेच.

या सगळ्यात पार्ट टू ऑर्डरचे, म्हणजे जवानाच्या लग्न-मुलांच्या नोंदी रेकॉर्डला कळवायचे कागद मागे पडतात, कारण त्यासाठी कोणाचा फोन येत नाही. मागच्या महिन्यात एका जवानानं विचारलं, "मेजर, पोरीची नोंद झाली का?" पोरगी ८ महिन्यांची. कागद माझ्याच टेबलावर होता. सकाळी उठून पहिला तो पाठवला, पण रात्रभर डोळा लागला नव्हता.

निवृत्त हेडक्लार्क (कराड)
मेजर, युनिटचं नाव-ठिकाण लिहिलं नाहीत, बरं केलंत. पुढेही लिहू नका.

आधी पार्ट टू. रिटर्नला उशीर झाला तर फोनवर बोलणी खाल, तेवढंच. लग्न, मुलाचा जन्म, नावातली दुरुस्ती ही नोंद राहिली तर निस्तरायला घरची माणसं. रेकॉर्ड ऑफिसला जे पोचलं, त्यावरच पुढे पेन्शनचे कागद होतात. आता स्पर्शमध्ये (फौजेच्या पेन्शनची ऑनलाइन व्यवस्था) नाव, जन्मतारीख आधारशी जुळली नाही की तिथेच अडतं.

एक वही घाला. नाव, नोंद कशाची, कागद कधी मिळाला, कधी पाठवला आणि शेवटी पार्ट टूचा नंबर. शेवटचा रकाना भरेपर्यंत ते काम संपलं म्हणायचं नाही. लीव्ह सर्टिफिकेट हातात देतानाच जवानाला विचारा, घरी काही नवीन? असेल तर येताना दाखला आणायला सांगा. मी २४ वर्षं हेच केलं.

आणि साहेबांना "काम फार आहे" असं नुसतं सांगू नका. महिन्याचे रिटर्न आणि त्यांना लागलेले तास लिहून द्या. त्या कागदाच्या जोरावर ते मूळ युनिटकडे अटॅचमेंटवर (तात्पुरता) क्लार्क मागू शकतात. तोवर एका तरुण जवानाला शेजारी बसवा, तुम्ही सुट्टीवर आलात की आत्ता तिकडे कोण बघतंय?

वीरपत्नी (कडेगाव)
भाऊ, आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. ह्यांच्या कागदांत माझं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. हे गेल्यावर १४ महिने पेन्शन अडली. ती बाई मीच, हे पटवायला अ‍ॅफिडेव्हिट, सरपंचांचा दाखला, लग्नपत्रिकासुद्धा दिली. लेकरू तेव्हा कडेवर होतं. पत्नीचं नाव लिहिताना दोन्ही नावं विचारा, एवढं माझं ऐका.

माणदेशी हवालदार (दहिवडी)
ताई, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. परत गेलो की सगळ्यांची दोन्ही नावं तपासतो.

साहेब, तिकडे आत्ता कोणीच बघत नाही, खरं आहे. आज बाजारातून २०० पानी वही आणली. पहिली ओळ त्या पोरीची लिहिलीय. नंबर अजून यायचाय.