इंग्लंडातलं आमचं खेडं: बातम्या, भांडणं, काळज्या (अनुभव धागा)

गोधडी
सकाळी भाच्याने आमच्या वाई तालुक्यातल्या गावच्या ग्रामसभेचा व्हिडिओ पाठवला. विषय गटाराचा. माईकची ओढाओढ, सरपंचबाई "आधी खाली बसा" म्हणून ओरडतायत, मागे एक आजोबा निवांत तंबाखू मळतायत. हसता हसता मला सफोकमधल्या आमच्या जुन्या गावची पॅरिश कौन्सिलची मीटिंग आठवली.

आम्ही तिथे नवे होतो. हिवाळ्यात चारलाच अंधार, आणि लेक शाळेच्या बसमधून उतरायची तो थांबा मिट्ट काळोखात. म्हटलं, एक दिवा मागून बघू. व्हिलेज हॉलमध्ये गेले तर टेबलाभोवती मेंबर मंडळी, एक क्लार्कबाई (पगारी ती एकटीच, तीही अर्धवेळ) आणि जनता म्हणजे मी आणि एक कुत्रा, मालकासकट. आधी बाकाचा विषय. कुणाच्या तरी स्मरणार्थ बाक यायचा होता, त्याचं तोंड तळ्याकडे की चर्चकडे? त्यावर अख्खा बिस्किटांचा डबा संपला. मग कुत्र्यांच्या घाणीचा डबा कोण रिकामा करणार. मग माझा दिवा. एक आजोबा अगदी मऊ आवाजात म्हणाले, "दिवा लागला की तारे जातील." सगळ्यांनी माना डोलावल्या. गावात रस्त्यावर एकही दिवा नव्हता आणि नाही याचाच त्यांना अभिमान! दिवा नाही मिळाला. लेकीला टॉर्च मिळाला, रीतसर ठराव करून, कौन्सिलच्या खर्चाने.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पॅरिश कौन्सिल म्हणजे इथल्या स्थानिक कारभाराची सगळ्यात खालची पायरी, १८९४ च्या कायद्याने आलेली. बाक, बसथांब्याची शेड, खेळाचं मैदान, दफनभूमी हे तिच्याकडे. पैसा कौन्सिल टॅक्समधल्या छोट्याशा हिश्श्यातून. रस्ते काउंटीकडे, कचरा डिस्ट्रिक्टकडे. त्यामुळे काहीही घेऊन जा, निम्म्या वेळा उत्तर एकच, "हे आमच्याकडे येत नाही." ते ऐकून मात्र मला एकदम वाईला पोचल्यासारखं झालं.

तर इंग्लंडातल्या खेड्यात राहिलेले, राहणारे, सगळे लिहा.

टपरीवरचा_चहा
रुमाल. जेवून येतो.

नीलपरी
जॅकी वीवर!!! कोणी अजून नाव कसं नाही घेतलं. हँडफर्थ गावच्या पॅरिश कौन्सिलची झूम मीटिंग, डिसेंबर २०२०. व्हायरल झाली फेब्रुवारीत, लॉकडाउनमध्ये सगळे घरी कंटाळलेले. "तुम्हाला इथे काही अधिकार नाही, जॅकी वीवर" असं अध्यक्ष ओरडतायत आणि बाई शांतपणे त्यांनाच मीटिंगबाहेर काढते. माझा नवरा अजूनही मी रिमोट घेतला की तेच वाक्य म्हणतो.

पन्हं
नीलपरी, आणि ते "स्टँडिंग ऑर्डर्स (सभेचे नियम) वाचा, वाचा आणि समजून घ्या" हाहाहा. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला पाठवलं होतं मी तेव्हा. डोंबिवलीला. रिप्लाय नाही आला.

मोगॅम्बो_यॉर्कशरवाला
आमच्या गावच्या फेसबुक ग्रुपवरचे कायमचे विषय, महत्त्वाच्या क्रमाने:
हेलिकॉप्टर का फिरतंय?
आज कचऱ्याचा हिरवा डबा की काळा?
कुत्र्याची घाण पिशवीत भरून ती पिशवी झाडाला टांगणारा महाभाग कोण? (हे खरंच करतात. का करतात हे मला आजवर कोणी सांगू शकलेलं नाही.)
शाळा सुटताना माझ्या गेटसमोर गाडी लावणारी आई कोण?
आणि मग मधेच कोणीतरी, "माझी मांजर सापडली, धन्यवाद," आणि त्यावर दोनशे बदाम.

सुलूमावशी
मोगॅम्बो, बदाम म्हणजे हार्ट का रे? मला आधी खायचे बदाम वाटले.

मोगॅम्बो_यॉर्कशरवाला
हो मावशी, हार्ट.

कोकमसरबत
बसबद्दल लिहिते, हसण्यासारखं नाहीये ते. आमच्याकडे सकाळची बस ९.१० ला. ज्येष्ठांचा फुकट पास चालतो साडेनऊनंतर. पुढची बस दुपारी. म्हणजे पास असून दवाखान्याला जायला तिकीट काढा. एक ड्रायव्हर होता, भला माणूस, गावातली म्हातारी मंडळी थांब्यावर दिसली की मशीनकडे न बघता "बसा" म्हणायचा. तो रिटायर झाला.

सरकारने जानेवारी २०२३ पासून तिकिटाला २ पौंडांची मर्यादा घातली, २०२५ ला ती ३ झाली. उत्तम. पण संध्याकाळी पावणेसहानंतर बसच नाही, तिथे स्वस्त तिकीट काय चाटायचंय? माझा मुलगा सतरा वर्षांचा, कॉलेज शहरात. त्याची मित्रमंडळी सिनेमाला गेली की मी आणि गाडी बाहेर उभ्या. गावातली तरुण पोरं का टिकत नाहीत यावर मीटिंगा भरवतात, त्या मीटिंगांना एकही तरुण पोरगा नसतो कारण यायला बस नाही.

गोधडी
कोकम, शेवटचं वाक्य वाचून चहा सांडला. आणि पटलंही.

भिजका_सांगलीकर
सॉमरसेट. २०१३-१४ चा हिवाळा. मी तेव्हा टाँटनला नोकरीला होतो, राहायला लेव्हल्सच्या (तिथला सखल, पाणथळ पट्टा) कडेला एका गावात, आमचं घर जरा उंचावर म्हणून वाचलं. मचलनी गावाचं अक्षरशः बेट झालं, लोक होडीतून ये-जा करत होते. मूरलँडमधली घरंच्या घरं रिकामी करावी लागली. पाणी येऊन जाणारं नव्हतं, आठवडेच्या आठवडे बसून राहिलं. घरात शिरलेलं पाणी एक वेळ परवडतं, हललंच नाही की भिंती कुजतात.

सगळ्या गावाचं एकच म्हणणं, पॅरेट आणि टोन नद्यांतला गाळ वर्षानुवर्षं उपसला नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणायचे की एवढ्या पावसापुढे गाळ काढून फार फरक पडला नसता. पबमध्ये यावर माणसं हमरीतुमरीवर यायची. पुढे गाळ काढलाही. मग २०१९ च्या ऑगस्टमध्ये आईवडील सांगलीत पहिल्या मजल्यावर अडकले आणि मी फोनवर सगळ्यांचं ऐकत होतो: अलमट्टी, विसर्ग, कोणी कधी दारं उघडली. वाद तोच, फक्त नद्यांची नावं वेगळी.

पन्हं
आईबाबा ठीक ना आता?

भिजका_सांगलीकर
हो गं, मजेत. तळमजल्याचा नाद सोडला आता.

टपरीवरचा_चहा
आलो. पाण्यावरून आठवलं. ऑक्सफर्डशरमध्ये स्टोक रो नावाचं गाव आहे, मी तिथून जवळच राहतो. गावाच्या मधोमध विहीर, तिच्यावर सोनेरी घुमट आणि हत्ती! काशीच्या महाराजांनी बांधून दिलेली. गोष्ट अशी की तिथला एडवर्ड रीड हिंदुस्थानात अधिकारी होता. त्याने महाराजांना सांगितलं की आमच्याकडे चिल्टर्न टेकड्यांवर दुष्काळात इतके हाल, की घरातलं शेवटचं पाणी प्यायला म्हणून आईने पोराला बदडलं. महाराजांच्या ते लक्षात राहिलं. १८६४ ला विहीर खुली झाली. खोली ३६८ फूट, आणि सगळी हाताने खणलेली. सगळा चुनखडीचा डोंगर, पाणी खूप खाली, म्हणून एवढी खोल. देखभालीच्या खर्चासाठी शेजारी चेरीची बागही लावून दिली होती.

माझ्या वडिलांना दाखवायला नेलं तर म्हणाले, "आमच्या माणला कोणी नाही आला इंग्लंडहून विहीर बांधायला."

नीलपरी
काकांना दंडवत __/\__

खारीचा_वाटा
मला जरा टोचणारं लिहायचंय. आम्ही लेस्टरशरमधल्या एका गावात नवीन इस्टेटमध्ये (वसाहतीत) घर घेतलं. बघायला गेलो तेव्हा गावभर पाट्या: "आमचं गाव वाचवा", "आणखी घरं नकोत". म्हणजे आम्ही नकोत. तोंडावर कोणी वाईट वागलं नाही, उलट पहिल्या आठवड्यात केक आला. पण केक देणाऱ्या बाईंच्या अंगणात पाटी होतीच.

त्यांचं चुकीचं होतं असंही नाही म्हणवत. शाळेत जागा नाहीत, डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळत नाही, जुनी गटारं नव्या घरांचं पाणी पेलत नाहीत. पॅरिश कौन्सिल प्लॅनिंगवर मत देऊ शकते, निर्णय दुसरीकडे. २०११ च्या लोकॅलिझम कायद्यामुळे गावाला स्वतःचा विकास आराखडा करता येतो, त्यावर सार्वमतही होतं, पण तो करता करता माणसं म्हातारी होतात.

आता त्याच बिल्डरचा पुढचा टप्पा येतोय, आमच्या खिडकीसमोरच्या शेतात. आणि विरोधाच्या अर्जावर नवऱ्याने आणि मी सही केली. पाटी पण लावली. केकवाल्या बाईंनीच आणून दिली.

मोगॅम्बो_यॉर्कशरवाला
झालात गावकरी! अभिनंदन. (दिवे घ्या)

कोकमसरबत
खार, मुंबई लोकलसारखं आहे हे. स्वतः आत चढलं की "पुढे जागा नाही" म्हणायचं.

धुकं
नॉर्थम्बरलँड. अर्वेन वादळ, २६ नोव्हेंबर २०२१. देशभरात दहा लाखांवर घरांची वीज गेली, आमच्यासारख्या आडगावात काहींची आठवड्यानंतर आली. गॅसची लाईन नाहीच, हीटिंग तेलावर, पण त्या बॉयलरलाही वीज लागते हे तेव्हा कळलं. शेतकऱ्याने ट्रॅक्टरने पडलेली झाडं ओढली, सरकारी माणूस नंतर आला. मी कॅम्पिंगच्या शेगडीवर पिठलंभात केला, शेजारच्या आजींना दिला. त्यांनी चमच्याने पिठलं उचलून "हे सूप का?" विचारलं, मग दुसऱ्यांदा मागितलं.

मोबाइल टॉवर बंद पडले होते, आजींचा जुना वायरवाला फोन मात्र चालू. अख्खी गल्ली तिथून फोन करायची. आता जानेवारी २०२७ पर्यंत सगळे जुने फोन डिजिटल होणार, म्हणजे वीज गेली की फोनही गेला. बॅटरी देतात ज्यांना गरज आहे त्यांना, पण नियम किमान तासाभराचा. एक तास! आमच्या गावात सध्या दुसरा विषय नाही.

सुलूमावशी
पिठलं त्यांना दोनदा आवडलं म्हणजे तू लसूण नीट घातलास.

पन्हं
आमच्या गावचा लाल फोनबूथ गावाने १ पौंडाला घेतला. आत एका बाजूला हृदय बंद पडलं तर झटका देणारं यंत्र, दुसरीकडे पुस्तकांचं कपाट, आपलं ठेवा, दुसऱ्याचं न्या. मी गंमत म्हणून दोन मराठी दिवाळी अंक ठेवले. एक गेला! गावात आम्ही सोडून मराठी कोणी नाही. मग कोणी नेला??

नीलपरी
चित्रं बघायला नेला असेल.

टपरीवरचा_चहा
शेकोटी पेटवायला. सॉरी. पण ५ नोव्हेंबर (इथला शेकोट्यांचा दिवस) जवळ होता का?

पन्हं
दुष्ट आहात सगळे.

भिजका_सांगलीकर
कोणीतरी लपून बसलेला मराठी माणूस आहे. एकदा शंकरपाळ्यांची पिशवी ठेवून बघ, लगेच बाहेर येईल.

अबोली७
कामावर आहे, पटकन लिहिते. पोस्ट ऑफिसच्या त्या कॉम्प्युटरचं प्रकरण आठवतं का? हॅम्पशरमधल्या साउथ वॉर्नबरो गावच्या जो हॅमिल्टन. दुकान आणि पोस्ट चालवायच्या. हिशोबात तूट दिसते म्हणून २००८ ला दोषी ठरवलं. पण गाव फिरलं नाही त्यांच्यावर. लोकांनी वर्गणी काढली, कोर्टात येऊन बसले. २०२१ ला निकाल रद्द झाला, चूक सॉफ्टवेअरची होती. आमच्या गावचं पोस्ट कधीच बंद झालं, आता आठवड्यातून एकदा व्हॅन येते. पेन्शनीचे लोक पावसात रांगेत. मी घाईत आहे, संध्याकाळी नीट लिहीन.

मोगॅम्बो_यॉर्कशरवाला
स्पीडवॉचबद्दल सांगायचं राहिलं. गावातले स्वयंसेवक पिवळी जाकिटं घालून रस्त्याकडेला यंत्र धरून उभे राहतात. दंड नाही, पोलिसांकडून फक्त पत्र जातं. आमच्या बायकोने हौसेने नाव दिलं. सगळ्यांना वाटत होतं बाहेरचे लोक सुसाट जातात. पहिल्याच सकाळी सापडले ते शेजारचे काका, दूध आणायला निघालेले. दिवाळीपर्यंत बोलत नव्हते.

धुकं
मी बेडूक गस्तीत आहे. हसू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये पावसाळी रात्री बेडूक तळ्याकडे निघतात, गाड्यांखाली येतात. आम्ही बादलीत घालून रस्ता ओलांडून देतो.

पन्हं
माझ्या सासूबाईंना हे दाखवते. त्यांना वाटतं मी विनाकारण थकते.

सुलूमावशी
मी लेकीकडे डर्बीशरला येऊन-जाऊन असते. तिथे टिसिंग्टनला विहिरी सजवतात, मे महिन्याच्या सुमारास, त्यांच्या असेन्शन डेला. लाकडी फळीवर ओली माती थापायची आणि एकेक पाकळी दाबून चित्र करायचं. रांगोळीवाल्यांनी जरूर बघा. माझी बोटं शिवशिवली पण हात लावू देत नाहीत.

आणि तिच्या गावच्या फ्लॉवर शोमध्ये चटणीचा गट असतो. मी मेथांबा केला, बरणीवर लेबल, तारीख, सगळं. दुसरा नंबर! परीक्षकाची चिठ्ठी: "आणखी मुरायला हवी होती." शेजारच्या गृहस्थांनी कांदे ठेवले होते, एकसारखे सुरेख, पण यादीत पाच म्हटलं होतं आणि त्यांनी सहा मांडले. चिठ्ठीवर फक्त "एन. ए. एस.", यादीप्रमाणे नाही. म्हणजे बाद. बिचारे सहावा कांदा हातात घेऊन उभे.

कोकमसरबत
मावशी कैरी कुठून आणलीत डर्बीशरमध्ये??

सुलूमावशी
कैरी कसली, ब्रॅमली सफरचंद. आंबट असतं अगदी. नॉटिंगहॅमशरच्या साउथवेलचं मूळ झाड, ते तर शेजारीच. फक्त शिजलं की लगेच गळतं, म्हणून मोठ्या फोडी आणि गूळ आधी विरघळवून मग घालायचं. मेथ्या करपवू नका.

धुकं
गूळ कुठला? इथे मिळतो तो फार काळा.

सुलूमावशी
चालतो. थोडी साखर मिसळ.

अबोली७
आले परत. कोणी हीटिंग ऑइल गावाने एकत्र मिळून मागवता का? आमच्याकडे किमान ५०० लिटर घ्यावं लागतं आणि शेजारी म्हणतात सगळ्यांनी एका दिवशी घेतलं की भाव कमी लागतो. हिशोब कोण ठेवतं आणि कोणी पैसे बुडवले तर?