उत्तर: नवे सील बसवूनही पंप गळतोय
वर बऱ्याच जणांनी माल डुप्लिकेट असेल म्हटलंय, पण आधी सील कुठे ठेवले होते ते बघा. आमच्याकडे पिंपळगावला द्राक्षाच्या फवारणी पंपाच्या ओ-रिंगा (रबराची गोल सीलं) पत्र्याच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेल्या असायच्या. ऑक्टोबर छाटणीनंतर काढल्या, तर खिळ्यावर ताणलेल्या जागी बारीक भेगा, वाकवलं की तोंड उघडायच्या. ऊन, उष्णता आणि ओझोन (हवेतला एक वायू) रबराला खातात. वेल्डिंगच्या आर्कमुळेही ओझोन होतो, त्यामुळे सुटे भाग तिथे नकोतच. आता काळ्या पिशवीत, सैल, घरातल्या कपाटात. शिफारस २५ अंशांच्या आतली आहे, नाशिकच्या मे महिन्यात ते अवघडच, म्हणून खालचा कप्पा. सीलच्या रबराचे प्रकार वेगवेगळे: नीट ठेवलेलं नायट्राइल ७ वर्षं धरतात, व्हायटॉन १०. ईपीडीएम या तिसऱ्या प्रकारच्या रबराला साधं (खनिज तेलाचं) ग्रीस मात्र चोळू नका, रबर फुगतं.