ऐंशी ‘गाठली’ म्हणजे लागली की सरली?

शाहूपुरीचा अनुवादक
एका शब्दावर अडलोय. निवृत्त न्यायाधीशांच्या पेन्शनच्या नियमांचं मराठी माहितीपत्रक करतोय. ऑगस्ट २०२५मध्ये कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून अशी कामं येऊ लागली आहेत. नियम असा: ऐंशीपासून मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ, पंच्याऐंशीला ३०, नव्वदीला ४०, पंच्याण्णवला ५० आणि शंभरीला दुप्पट पेन्शन. मी लिहिलं, ‘वयाची ऐंशी गाठल्यावर’. मजकूर तपासणाऱ्या वकीलबाईंनी ‘गाठल्यावर’खाली तांबडी रेघ मारून समासात लिहिलं, ‘लागल्यावर की सरल्यावर?’ माझ्या मते गाठणं म्हणजे पूर्ण करणं. खात्रीसाठी आईला विचारलं तर म्हणाली, “मी ऐंशी गाठली की यंदाच्या चैत्रात!” तिला चैत्रात एकोणऐंशी पूर्ण झाली. आता तुम्हीच सांगा.

सनदवाला
बाईंची हरकत अगदी रास्त आहे. याच शब्दावर कोर्टात भांडण झालंय. कायद्याच्या तक्त्यात नुसतं ‘ऐंशी वर्षांपासून’ अशा अर्थाचं लिहिलं होतं. २०१८मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने निकाल दिला की ऐंशीव्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून वाढ द्यायची, म्हणजे एकोणऐंशी सरली की लगेच. सरकारला ते मान्य नव्हतं. २०२१मध्ये संसदेने दुरुस्ती करून स्पष्टीकरण घातलं: ज्या महिन्यात ते वय पूर्ण होतं, त्या महिन्याच्या एक तारखेपासून. शिवाय ‘पहिल्यापासून हाच अर्थ होता असं समजावं’ अशीही पुस्ती जोडली.

उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाची पूर्ण पेन्शन वर्षाला १३ लाख ५० हजार. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सगळ्यांना सारखी केली, अतिरिक्त न्यायाधीशांनाही. तिचे २० टक्के म्हणजे २ लाख ७० हजार. एका क्रियापदावर एवढी रक्कम अवलंबून आहे. ‘गाठणे’ काढाच.

पंचगंगेकाठचा
आमच्याकडं यात घोळ नाहीच. बाईला ‘सातवा सरला, आठवा लागला’ म्हणतात, तेव्हा सात महिने पुरे झालेत हे पोरासोरांनाही कळतं. पोरगं ‘पाचवं सरून सहाव्यात’ म्हणजे पाच पुरी. लागणं आणि सरणं ही जोडी असताना ‘पूर्ण केल्यानंतर’ असला सरकारी साज कशाला? सरळ लिहा, ‘ऐंशी सरल्यावर’.

अनुस्वार
‘सरल्यावर’ बोलण्यात गोड आहे, पण माहितीपत्रकात नको. ‘ऐंशी सरली’ ऐकून मला ऐंशी मागे पडून बराच काळ लोटला असं वाटतं. आणि मूळ मजकुरातच ‘पेन्शन’ का? ‘निवृत्तिवेतन’ हा रुळलेला शब्द आहे, ‘ति’ ऱ्हस्व. कायद्याच्या भाषेत तरी तो वापरा.

पंचगंगेकाठचा
रुळलेला कुठं? बँकेत पेन्शनच्या रांगेत उभं राहून बघा, एक माणूस निवृत्तिवेतन म्हणत नाही. आणि वेतन म्हणजे केलेल्या कामाचा पगार. घरी बसलेल्या माणसाला वेतन कसलं? त्यापेक्षा संस्थानी काळातला ‘तनखा’ बरा.

अनुस्वार
तनखा हा मूळचा फारसी तनख्वाह, त्याचाही अर्थ पगारच! आणि वेतन शब्द इथे चुकीचा नाही, उलट न्यायाला धरून आहे. १९८२च्या नाकरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पेन्शन म्हणजे मेहेरबानी नव्हे, पूर्वी केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे. तो निकाल १७ डिसेंबरचा, म्हणून पेन्शनर त्या दिवशी पेन्शनर्स डे पाळतात. तनखा धनी देतो, वेतन हक्काचं असतं. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

सनदवाला
हे पटलं. पण मग ‘अतिरिक्त निवृत्तिवेतन’ लिहू नका. आपल्याकडे अतिरिक्त शिक्षक म्हणजे पटसंख्या घटल्याने जास्त झालेला शिक्षक. ‘वाढीव’ म्हणा.

मंगळवार पेठ
मला वाटतं गोंधळ समारंभांनी केलाय. एकसष्टी कधी करतो? साठ पूर्ण झाली की. म्हणजे आकडा चालू वर्षाचा. पण पंच्याहत्तरी कुणी चौऱ्याहत्तर सरल्यावर करतं, कुणी पंच्याहत्तर सरल्यावर. सहस्रचंद्रदर्शनाला तर अधिक महिने मोजण्यावरून आमच्या घरी दोन भटजींचे दोन मुहूर्त निघाले. शिवाय माझी आपली एक समजूत: वर्षगाठ म्हणजे दोऱ्याला मारलेली गाठ. गाठ वर्ष संपल्यावर बसते. म्हणून गाठणे = पूर्ण करणे.

अनुस्वार
गाठ मारणे आणि मुक्काम गाठणे एकत्र करू नका. आणि गाव गाठलं म्हणजे वेशीत शिरलो, गाव ओलांडलं नाही. त्या हिशेबाने अनुवादकांच्या आईचंच बरोबर.

शाहूपुरीचा अनुवादक
म्हणजे पुन्हा तिथेच! निवृत्तीच्या वयाचं काय करू? तिथेही ‘गाठेपर्यंत’च लिहिलंय.

सनदवाला
तिथेही पूर्ण. जिल्हा न्यायाधीश साठ, उच्च न्यायालय बासष्ट (१९६३पर्यंत साठच), सर्वोच्च न्यायालय पासष्ट. आणि कायद्यात वय पूर्ण होतं ते वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. आपल्या बेंचचं उद्घाटन करणारे सरन्यायाधीश गवई यांचा जन्म २४ नोव्हेंबरचा, ते निवृत्त झाले २३ नोव्हेंबरला. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना महिनाअखेरपर्यंत मुदत मिळत नाही. सरकारी कर्मचाऱ्याला मिळते, पण जन्म एक तारखेचा असेल तर मागच्याच महिन्याच्या शेवटी घरी.

करवीरची लेक
म्हणूनच १ जूनवाले सगळे ३१ मेला निवृत्त होतात! माझे वडील त्यातलेच, जिल्हा परिषदेचे शिक्षक. आजीने त्यांना शाळेत नेलं तेव्हा गुरुजींनी वय विचारलं. आजी म्हणाली, “बेंदराच्या आदल्या दिवशी झाला बगा, आता सहावं लागलंय.” (बेंदूर म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण.) गुरुजींनी सहा पूर्ण धरले आणि तारीख टाकली १ जून. वडिलांची नोकरी त्या ‘लागलंय’पायी वर्षभर आधी संपली. निरोप समारंभाच्या दिवशी ते शाळेतून चालत घरी आले, गळ्यातला हार खुंटीला अडकवला आणि आजीला म्हणाले, “आई, तू सरलं म्हणायला पाहिजे होतंस.” आजी म्हणाली, “पाच सरलंच हुतं की. मी काय खोटं बोलले?”

पंचगंगेकाठचा
ताई, कुठला बेंदूर? आमच्या सीमेकडच्या गावांत कर्नाटकी करतात, ज्येष्ठात. महाराष्ट्रीय असला तर आषाढ, म्हणजे जन्म आणखी महिनाभर पुढं जाणार.

करवीरची लेक
महाराष्ट्रीय. आजी म्हणायची, पाऊस लागून राहिला होता.