फाइव्ह-ईमध्ये शून्यावर जायची भीतीच उरलेली नाही, काय करावं?

काळोखी_गुहा: मंडळी, डी अँड डी फाइव्ह-ई (‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांच्या भूमिका-खेळाची पाचवी आवृत्ती), २०१४चे नियम, चार खेळाडू, पाचवी लेव्हल. कुणाचे हिट पॉइंट (जीव मोजणारे गुण) शून्यावर गेले आणि तो बेशुद्ध पडला की क्लेरिक (बरं करणारा पुरोहित) साठ फुटांवरून बोनस अॅक्शनमध्ये (पाळीतल्या जादा छोट्या कृतीत) हीलिंग वर्ड हा मंत्र टाकतो. पडलेला उठतो, वार करतो, पुन्हा पडतो, पुन्हा उठतो. शून्यावर गेल्यास एक लेव्हल एक्झॉशन (थकव्याची एक पायरी) द्यावी असं मनात आहे. लवकरच नवशिक्यांचा गटही पहिल्या लेव्हलपासून घ्यायचाय. तिथेही हाच नियम ठेवू का?

फासा_वीस: एक्झॉशन नको. २०१४च्या नियमांत पहिल्या पायरीला फक्त अॅबिलिटी चेकवर (कौशल्याच्या फाशावर) डिसअॅडव्हान्टेज येतो, म्हणजे दोनदा टाकून कमीचा आकडा धरायचा. फायटरची तलवार तशीच चालते, मार बसतो तो रोगच्या (‘रोग’ म्हणजे चोर-पात्र) कुलपं उघडण्याला. तिसऱ्या पायरीला हल्ले आणि सगळे सेव्ह (संकटातून वाचायचे फासे) बिघडतात, डेथ सेव्हसुद्धा (शून्यावर पडलेल्यानं जगण्यासाठी दर पाळीला टाकायचा फासा; तीन फेल झाले की मृत्यू). लाँग रेस्टला (रात्रभराच्या विश्रांतीला) एकच पायरी उतरते, म्हणून पार्टी दोन-तीन दिवस गुहेबाहेर झोपून काढते आणि तुमची मोहीम तिथेच अडकते.

त्यापेक्षा एकच गोष्ट बदला. मूळ नियमात एक हिट पॉइंट मिळाला तरी डेथ सेव्हचे सगळे फेल पुसले जातात. ते लाँग रेस्टपर्यंत राहू द्या. आकडे बघा: कुणी मदत केली नाही आणि वरून मारही बसला नाही, तर कोऱ्या पाटीवर जगण्याची शक्यता ५९.५ टक्के. एक फेल आधीचा असेल तर सुमारे ४२, दोन असतील तर २१. प्रत्येक फेलचं लाल टोकन त्या खेळाडूसमोर ठेवा. दोन टोकनं समोर दिसली की माणूस आपसूक मागे सरतो आणि क्लेरिक तो पडायच्या आधीच क्युअर वूंड्स वापरायला लागतो. पुढे उभा राहणारा बार्बेरियन यात जास्त भरडला जातो, हे खरं. त्याच्यासाठी शॉर्ट रेस्टला (तासाभराच्या विश्रांतीला) एक टोकन काढू द्या.

पत्रे_आणि_प्याली: नवशिक्यांना मात्र यातलं काहीही लावू नका. पहिल्या लेव्हलला खेळ आधीच जीवघेणा आहे. चार जणांसमोर चार गॉब्लिन (छोटे राक्षस) म्हणजे २०० एक्सपी (अनुभवगुण), संख्येमुळे गुणिले दोन, ४००. चौघांची ‘डेडली’ची (जीवघेण्या लढतीची) मर्यादा नेमकी तेवढीच.

कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १४ असलेल्या विझार्डचे (जादूगाराचे) हिट पॉइंट ८, म्हणजे पूर्ण असताना एकाच फटक्यात १६ बसले की डेथ सेव्हही न टाकता जागीच मृत्यू. गॉब्लिनचा क्रिट (दुप्पट फाशांचा फटका) जास्तीत जास्त १४, तिथे विझार्ड वाचतो. बगबेअर या दांडग्या राक्षसाचा साधा फटका २डी८+२ (आठ बाजूंचे दोन फासे, अधिक दोन), त्यात १६ किंवा जास्त येण्याची शक्यता ६४ पैकी ६. त्यानं दबा धरून गाठलं तर वर २डी६, सरासरीच १८! बगबेअर दुसऱ्या लेव्हलनंतर आणा, आणि आणलात तर आधी त्याच्या पाऊलखुणा दिसू द्या. हीलर्स किट सगळ्यांकडे असू दे. पाच सोन्याची नाणी, दहा वापर, चेक न टाकता पडलेला स्टेबल (मरणाच्या धोक्याबाहेर) होतो.

काळोखी_गुहा: टोकनं पटली. पडलेल्यावर राक्षसांनी वार करावेत का?

फासा_वीस: करावेत, पण कोण करणार हे ठरवून. बेशुद्ध माणसाला पाच फुटांच्या आत लागलेला प्रत्येक वार क्रिट, म्हणजे दोन फेल. दोन वार लागले की संपलं. भुकेलं जनावर पडलेल्याला ओढून नेईल. ज्यानं हीलिंग वर्ड एकदा पाहिलाय असा अक्कलवाला शत्रू दुसऱ्यांदा गळाच कापेल. हे सेशन झीरोला (खेळाआधीच्या ठरवाठरवीच्या बैठकीत) स्पष्ट सांगा आणि ते फासे पडद्यामागे न टाकता सगळ्यांसमोर टाका.

पत्रे_आणि_प्याली: आणि हिरे मोजा! पाचव्या लेव्हलला क्लेरिकला रिव्हिव्हिफाय (मेलेल्याला उठवणारा मंत्र) मिळतो: मृत्यूनंतर एका मिनिटाच्या आत, ३०० नाण्यांचे हिरे खर्ची. हिरे कुठल्याही दुकानात मिळत असतील तर मरण म्हणजे ३०० नाण्यांचं बिल, बाकी काही नाही. शहरात एकच जवाहिऱ्या ठेवा, त्याच्याकडे दोघांपुरतेच हिरे. नवा साठा कधी येणार तेही आधीच ठरवून वहीत लिहून ठेवा, नाहीतर खेळाडूंनी गळ घातली की आपण पाघळतो.

काळोखी_गुहा: जवाहिऱ्या ठरला. या शनिवारी टोकनांपासून सुरुवात करतो, नव्या गटाला मूळ नियमच.