रेटच्या एकाच एक्सेलच्या अकरा 'फायनल' झाल्यात, तुमच्याकडं कसं सांभाळता?

कुपवाड_ऑफिस
नमस्कार मंडळी, कुपवाड एमआयडीसीत एका मशीन शॉपच्या ऑफिसला आहे, कोटेशन आणि पर्चेस दोन्ही माझ्याकडंच. आमची रेटची एक एक्सेल आहे, मटेरियलचे भाव, मशीनचे तासाचे रेट, वाहतूक सगळं त्यात, शेअर फोल्डरमध्ये असते आणि आम्ही चौघं वापरतो. काल पुण्याच्या पार्टीला कोटेशन गेलं ते मागच्या महिन्याच्या स्टीलच्या भावानं गेलं, किलोमागं चार रुपये कमी आणि माल दीड टन, म्हणजे सरळ सहा हजाराला फटका. सर ओरडले नाहीत, फक्त म्हणाले कसं झालं ते शोध. शोधायला बसले तर फोल्डरमध्ये रेट_फायनल, रेट_फायनल_२, रेट_नवीन_फायनल, कॉपी ऑफ रेट_फायनल असं करत अकरा फायली, व्हॉट्सअॅपवर फिरलेल्या वेगळ्याच. तारखेवरून ताजी कुठली ते ठरवावं तर कोणी नुसती उघडून सेव्ह केली तरी तारीख बदलते. पैशापेक्षा मला हे लागलंय की नेमकं कुठं चुकलं ते पण सांगता येईना. रात्रभर डोक्यात तेच. काहीतरी सांगा की.

क्वालिटी_मिरज
ताई, आधी कॉप्या का होतात ते बघा. शेअर फोल्डरमधली एक्सेल एकानं उघडून ठेवली की दुसऱ्याला 'लॉक्ड फॉर एडिटिंग' येतं, तो रीड ओन्ली दाबतो, भाव बदलतो, मग सेव्ह होईना म्हणून दुसऱ्या नावानं सेव्ह करतो. झाली नवीन फायनल. त्याचं काम अडलेलं असतं, पार्टी फोनवर असते, तो तरी काय करणार. त्यामुळं नावं नीट द्या असं सांगून काही होत नाही, आम्ही दोन वर्षं सांगितलं. फाइल अशा जागी पाहिजे जिथं चौघांना एकदम काम करता येतं, गूगल शीट करा नाहीतर वनड्राइव्ह. वनड्राइव्हवर एक्सेलच ठेवणार असाल तर जुनी एक्सएलएस असेल ती एक्सएलएसएक्स करून घ्या आणि उघडायचा पासवर्ड असेल तर काढा, नाहीतर एकत्र एडिट होत नाही. आणि व्हॉट्सअॅपवर फाइल टाकायची बंद करा, लिंक टाका. फाइल टाकली की जेवढे लोक तेवढ्या कॉप्या, लिंकवरून सगळे एकाच ठिकाणी येतात.

ड्रॉइंगचं पण हेच आहे बरं का. आमच्याकडं एका पुलीचा बोअर, म्हणजे मधलं भोक, नवीन रिव्हिजनला ४० वरून ३५ झाला होता, मेल आला, पीडीएफ फोल्डरला पडली, पण मशीनवर चिकटवलेला जुना प्रिंट कोणी काढलाच नाही. सेकंड शिफ्टनं ४० नंच बोअर मारले. लहान राहिला असता तर वाढवला असता, मोठा झालेला बोअर कुठं मागं घेणार, ६० नग भंगारात गेले. त्या ढिगाकडं बघून ऑपरेटरचा चेहरा जो पडला होता तो मी विसरत नाही, त्याची काहीच चूक नव्हती. तेव्हापासून नवीन प्रिंट द्यायचा तर जुना हातात घेतल्याशिवाय देत नाही. आयएसओ ९००१ या क्वालिटीच्या स्टँडर्डमध्ये कलम ७.५.३ ला हेच लिहिलंय, ऑडिटच्या आदल्या दिवशी शिक्के मारून काही उपयोग नाही.

कुपवाड_ऑफिस
सर खरंच तस्संच होतंय, लॉक्डचा मेसेज रोज येतो. पण गूगल शीटवर सगळ्यांना एडिट दिलं आणि कोणाच्या हातून चुकून भाव बदलला तर? आता निदान जुनी कॉपी तरी सापडते.

गावभाग_हिशोब
मी अकाउंट्सला आहे, गूगल शीट पाच वर्षं वापरतोय. शंका असेल त्या सेलवर राइट क्लिक करून शो एडिट हिस्टरी दाबा, कोणी कधी काय बदललं ते दिसतं. अख्खी ओळ उडवली असेल तर तिथं दिसत नाही, त्याला फाइल मेनूतली व्हर्जन हिस्टरी उघडायची, तिथनं मागची पूर्ण शीट परत आणता येते. भावाचे कॉलम प्रोटेक्ट करून एडिट फक्त तुमच्याकडं ठेवा, बाकीचे बघतील आणि वापरतील. आणि भाव बदलला की त्या व्हर्जनला नाव द्या, 'स्टील भाव १२ जून' असं, आणि तेच नाव कोटेशनच्या खाली बारीक अक्षरात टाका. सहा महिन्यांनी पार्टी भांडायला आली तरी कुठल्या भावानं दिलं होतं ते एका मिनिटात निघतं. हे एक केलंत तरी निम्मी डोकेदुखी जाते, मनापासून सांगतो.

एक मात्र करा, एक्सेल तशीच गूगल ड्राइव्हवर टाकून वर नवनवीन अपलोड करत बसू नका, तिची जुनी व्हर्जन ३० दिवसांनी किंवा १०० च्या वर गेली की उडतात, कीप फॉरएव्हर केलं नसेल तर. तिची गूगल शीटच करून घ्या.

आणि जागा एक म्हणजे ऑफिसातला एकच कॉम्प्युटर असं करू नका. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमचं तळमजल्याचं ऑफिस पूर्ण पाण्यात होतं, सीपीयूतनं चिखल निघाला. मेलवर गेलेली बिलं तेवढी वाचली, बाकी वर्षाचा हिशोब परत पावत्यांवरून बसवला, दिवाळी त्यातच गेली.

सीएनसी_विटा
गिट वापरा की, प्रोग्रामर लोक फायलींतले बदल नोंदवायला वापरतात ते, फुकट आहे, २००५ पासून जगभर चालतंय.

क्वालिटी_मिरज
भावा, एक्सेलला गिट जमत नाही, फाइल बदलली एवढं कळतं, कुठला भाव बदलला ते ओळीनं वाचता येत नाही. पण सीएनसीचे प्रोग्राम साध्या टेक्स्टमध्ये असतात, त्याला एक नंबर. फीड, म्हणजे टूल पुढं सरकायचा वेग, कोणी बदलला ते ओळीसकट दिसतं. तू तुझ्याकडं चालू कर आणि इथं टाक, मला पण करायचंय.

कुपवाड_ऑफिस
आज दुपारी बसून शीट केली. सरांना भीती होती रेट बाहेर जातील, म्हणून लिंक सगळ्यांना उघडी न ठेवता चौघांच्याच मेलवर दिली. प्रोटेक्ट पण केलं. पहिला फोन लगेच आला, "ताई मला बदलता येईना", म्हटलं भाव मला सांग मी टाकते. आता त्या अकरा फायलींचं काय करू, डिलीट मारू का?

गावभाग_हिशोब
डिलीट नको. 'जुने रेट' नावाचा फोल्डर करून त्यात हलवा आणि फोल्डरला नुसतं बघायची परवानगी ठेवा. कालचं कोटेशन कुठल्या फाइलीवरून गेलं ते अजून शोधायचंय ना तुम्हाला, त्या अकरातनंच निघेल.